चारशे बारा ओळी

एडिटर तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा साहेब तिच्या खुर्चीमागेच उभे होते. फाइलवर क्लिक केलं की पडदा पांढरा व्हायचा आणि सगळं गायब. फाइल काही फार मोठी नव्हती. तिच्या नावात टक्क्याचं एक चिन्ह होतं आणि दोन उद्गारचिन्हं, बस. कोड लिहिण्यासाठी म्हणून त्यांच्याच कंपनीने मोठ्या थाटात विकलेला हा एडिटर एवढ्याशा टक्क्यापुढे आडवा झाला होता. जाताना सगळ्यात मोठ्या ग्राहकाचं तीन दिवसांचं कामही सोबत घेऊन गेला होता.

"फाइल उघडायचा भाग तू आणि काकांनी लिहिलाय," साहेब म्हणाले. "ग्राहकाला आज नाव कळवायचंय मला. ज्याची ओळ निघेल तो आजच घरी. शोध."

साहेबांना कोडमधलं ओ की ठो कळत नसे. नाव मात्र चटकन कळे.

तिच्या नवऱ्याचं काम सुटून आठ महिने झाले होते आणि घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललं होतं. त्यात आपला हात जरा घाईचा आहे, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

काका शेजारच्याच टेबलावर बसत. ऑफिसात ते सगळ्यांचेच काका. वय अठ्ठावन्न, स्वभाव नीटनेटका, म्हणजे दुसऱ्याला ताप व्हावा इतका नीटनेटका. वाकडी खुर्ची दिसली की सरळ करतील, कुणाच्याही टेबलावरच्या वायरी गुंडाळून ठेवतील आणि कुणाचा कोड वेडावाकडा दिसला तर न विचारता त्याचे समास सरळ करून देतील. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची होती. त्यांचे थोरले भाऊ दोन वर्षांपासून सगळं विसरत चालले होते. आता तर स्वतःच्या बायकोलाच "आपण कोण?" म्हणून विचारत. तेव्हापासून काका रोज सकाळी ऑफिसात आले की तिच्यासमोर परीक्षा द्यायचे.

"काल लिफ्ट बंद होती. दुपारी तुझ्या हातून पाणी सांडलं. मी पाच दहाला निघालो. बरोबर का गं?"

"बरोबर, काका."

एवढं ऐकलं की त्यांचा चेहरा खुलायचा. एकदा त्यांचं चुकलं होतं, तेव्हा तिने चुकलं म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून तर त्यांचा तिच्यावर डोळे मिटून भरवसा होता.

तिने कोडची नोंद उघडली. प्रत्येक ओळीपुढे, त्या ओळीला शेवटचा हात कुणी लावला त्याचं नाव असतं. घात करणारी ओळ सापडली. फाइलच्या नावात साधी अक्षरं आणि आकडेच येणार, असं गृहीत धरून बसलेली. पुढे नाव होतं काकांचं.

तिचा जीव भांड्यात पडला. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. मग ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

काकांना आत बोलावलं आणि पाच मिनिटांत बाहेर पाठवलं. "तेवढं लगेच दुरुस्त करून टाक," साहेबांनी तिला दारातूनच सांगितलं.

दुरुस्तीसाठी तिने तो भाग वरपासून वाचायला घेतला. चारशे बारा ओळी. सगळ्यांपुढे काकांचं नाव, सगळ्यांपुढे एकच तारीख आणि एकच वेळ, अकरा वाजून सतरा मिनिटं. एका मिनिटात चारशे ओळी कुणाच्या बापाला लिहिता येत नाहीत. समास मात्र कसे पट्टी लावून आखल्यासारखे होते. तिने त्याच्या आधीची नोंद उघडली. त्याच चारशे बारा ओळी, वेड्यावाकड्या. ती एक ओळही जशीच्या तशी. आणि पुढे तिचं स्वतःचं नाव.

केबिनचं दार पंधरा पावलांवर होतं. ती खुर्ची मागे ढकलून उठली.

समोर काका उभे होते. हातातल्या पिशवीत डबा, चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली. तोंडचं पाणी पार पळालं होतं.

"साहेबांचा मला राग नाही गं," ते म्हणाले. "नोकरीचंही सोड एक वेळ. पण ती ओळ मी मघापासून आठवतोय, आणि काही केल्या आठवतच नाहीये. भावाचं अगदी असंच सुरू झालं होतं."

बोलता बोलता त्यांनी सवयीने तिची तिरकी झालेली खुर्ची सरळ केली. तिने एकदा केबिनच्या दाराकडे पाहिलं. मग ती त्या खुर्चीवर बसली आणि पडद्यावरची नोंद बंद केली.

काका रोज सकाळी उभे राहत तसेच तिच्यासमोर उभे राहिले.

"तू शेजारीच होतीस. खरं काय ते सांग. ती ओळ मीच लिहिली. बरोबर का गं?"

"बरोबर, काका."