आईचा दुभाषा

"तुझ्यामागे तो गोरा पोरगा कोण बसलाय रे?" फोनच्या पडद्यावरून आईने विचारलं.

तो व्हिटेकर, माझा जोडीदार. आम्ही दोघे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी, आणि जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही हा आमचा नियम. म्हणूनच नाताळच्या दुपारी, बंगळुरूच्या आमच्या खोलीत, आधी मला त्याच्या घरचा फोन ऐकावा लागला होता. आई, तीन बहिणी, लाल टोपी घातलेला कुत्रा. सगळे त्याच्यासाठी गात होते. माझा नुसता जळफळाट झाला.

मी कॉलेज सोडून इकडे आल्यापासून आई माझ्याशी बोलली नव्हती. आज बोलली, तर हे.

"किती वाळलाय! विचार त्याला, जेवला का?"

मी इंग्रजीत विचारलं. जेवला होता.

"आईची आठवण येते का?"

विचारलं. येत होती.

"लेकरू माझं ते!"

हे मी त्याला सांगितलं नाही.

माझ्याकडे तिने धड पाहिलंही नव्हतं. फोन बंद करावा असं वाटलं.

"अजून एक विचार त्याला." आईचा आवाज उतरला. "माझा पोरगा अजून झोपेत पांघरूण फेकतो का?"

मला इंग्रजी शब्द सापडेनात. कसंबसं विचारलं.

"रोज," व्हिटेकर म्हणाला. "मीच परत घालतो."

"काय म्हणाला?"

"रोज फेकतो म्हणतोय."

पुढचं वाक्य मी माझ्याजवळच ठेवलं. आज आईने माझ्या एकट्याची काळजी करावी.