पन्नास वर्षांची पेटी

"बूट नको. बूट आमच्या वेळलापण हुते," म्हणत यल्लाप्पा सुभेदारांनी शामूनं दिलेला जोड परत केला, पण काळ्या ट्रंकेवरचं बूड काही हलवलं नाही.

उचगावात ध्वजाच्या कट्ट्याखाली ही ट्रंक आज पुरायची होती. आजचा जवान कसा जगतो ते पन्नास वर्षांनी उघडणाऱ्यांना कळावं, म्हणून तिच्यात काय घालायचं ते ठरवायला सरपंच ऋतिका आणि फौजेतनं पेन्शनीत निघालेला शामू नाईक सकाळपासून सुभेदारांच्या सोप्यात बसले होते. सुभेदार मात्र पोरगी बघायला आलेल्या आत्याबाईसारखी प्रत्येक वस्तूत खोड काढत होते.

त्यांच्या बायकोला, अक्काताईंना, लाज वाटत होती ती पायाखालच्या कचऱ्याची. पोरगा साईराज रजा संपवून बर्फातल्या चौकीकडं निघाला तेव्हापासून घर झाडलं नव्हतं. गेलेला माणूस पोचल्याचं कळल्याबिगर मागं केर काढायचा नाही, ही सासूबाईंची शिकवण. सुभेदार फौजेत होते तेव्हा पत्र येईस्तोवर घराचा उकिरडा व्हायचा. आता फोन आल्यापासून लवकर सुटका व्हायची. पण या खेपेला साईराज पोचायचा दिवस उलटून गेला तरी फोन मुकाच होता.

"तुझ्या कचऱ्यानं माझ्यावरच्या गोळ्या चुकवल्या व्हय गं?" म्हणून सुभेदार जन्मभर खिदळत आले होते. आज पाहुण्यांदेखतही तेच म्हणाले. तेव्हा अक्काताईंनी पदर खोचला. चार माणसांत शोभा नको, झाडूनच टाकावं.

तर केरसुणी जाग्यावर नाही. दाराआड नाही, चुलीमागं नाही, गोठ्यातही नाही.

"अवो, केरसुणी बघितलासा का?"

"केरसुणीवर पहारा द्यायला बसवलंईस का मला?" सुभेदार गुरकावले.

"शेजारच्या गुणाबाईची आणते मग."

"काय नको. मागायची सवय वाईट."

ऋतिकानं पुढं मांडलं : डबाबंद जेवण, बर्फाचा चष्मा, कँटीनचं कार्ड, आणि साईराज ज्याच्यावर लेकीचं तोंड बघायचा तो काच फुटलेला जुना मोबाइल.

सुभेदारांनी फुटक्या काचेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. "ह्ये पायजे," म्हणाले.

"मग उघडा की पेटी, आप्पा."

"ठेव हिथं. मागनं घालतो."

"रमची बाटली घालू या?" शामूनं डोळा मारला.

"पन्नास वर्षं दम काढशील व्हय रं तू?"

"आप्पा, खड्डा काढून झालाय. पेटी पुरायला बोलावलेले कर्नलसाहेब येऊन बसतील," ऋतिका म्हणाली.

"बसू दे साहेबाला. फौजेत थांबायलाच शिकवत्यात."

तेवढ्यात कोनाड्यातला फोन वाजला. अक्काताईंनी धावत जाऊन तो उचलला.

"आई, रस्ता बर्फानं बंद हुता. आत्ता पोचलो."

अक्काताई नुसती मान हलवत राहिल्या, जणू पोराला तिथनं दिसणार होतं. मग पदरानं डोळे टिपून नवऱ्याकडं वळल्या. "पोचला."

सुभेदार सकाळपासून पहिल्यांदा ट्रंकेवरनं उठले. करदोट्याची किल्ली सोडून त्यांनी कुलूप काढलं, झाकण उचललं. आत एकच वस्तू होती. ती त्यांनी कुणाकडं न बघता बायकोच्या हातात दिली.

केरसुणी.