शनिवारचा एक तास

पुन्हा शमिकाच शेवटची. दहापैकी एक. नंदाबाईंनी पेपर पुढे ठेवला तरी पोरीच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

देवरूखपासून दोन घाट्या चढून वर असलेल्या त्या शाळेत पाचवीला नऊ मुलं. दर शनिवारी सकाळी दहा प्रश्नांची चाचणी, आणि जो शेवटचा येईल त्याने शाळा सुटल्यावर तासभर बाईंजवळ बसायचं. ही शिक्षा नव्हती. अभ्यास करायचा कसा, हे बाई त्या तासात शिकवत.

"वाचलंस?"

"व्हय, बाई."

"मग पुस्तक मिट आणि तुझ्या शब्दांत मला सांग. अडशील तिथंच उघडायचं."

शमिका सांगू लागली. नदी, खोरं, गाळ. बाई हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. मध्येच गाय व्यायल्याचं आलं, बाबा शिमग्याला येणार नसल्याचं आलं. बाईंनी तेही ऐकून घेतलं. पाठ कुठंही न अडता पुरा झाला.

"घरीपण रोज असंच कुणाला तरी सांगायचं."

"कोनाला? बाबा मुंबयला, आय कामाला. आजीला ऐकाय येत नाय."

"मग भिंतीला सांग," त्या म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत हीच मुलं सात-आठ गुण आणायची. दिवाळीनंतर बाईंनी हा नियम केला आणि वर्गाची घसरण सुरू झाली. आधी पाच, मग तीन. या शनिवारी शुभंकरला दोन आणि शमिकाला एक. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं बाईंचं झालं होतं.

मुख्याध्यापक राजेंद्र गुरुजींना आडपडदा माहीत नव्हता. "बाई, पालथ्या घड्यावर किती दिवस पाणी ओतणार? जो हुशार आहे त्याच्यावर मेहनत घ्या. पुढच्या शनिवारी हेच गुण दिसले, तर पाचवी मी घेतो."

त्या नऊ पोरांत नंदाबाईंचा जीव अडकला होता. पण आता स्वतःच्या शिकवण्यावरचाच विश्वास उडाला होता. सोमवारी त्यांनी वर्गात खाली बघतच सांगितलं, "यापुढे शनिवारचा तास दहापैकी दहा मिळवणाऱ्यासाठी. बाकीच्यांनी घरी जायचं."

मागे पडलेल्यांना आपण वाऱ्यावर सोडतोय, ही टोचणी बाईंना आठवडाभर लागून राहिली.

शनिवारी त्यांनी नऊ जणांना नऊ वेगळे पेपर दिले; कॉपीची शंका नको. शाळा सुटली. गुरुजी टेबलासमोर येऊन बसले आणि बाईंनी लाल पेन उघडलं.

शुभंकर, दहा. शमिका, दहा. तिसरा पेपर गुरुजींनी स्वतःकडे ओढून तपासला, मग चौथा. पाचव्यानंतर त्यांनी पहिला पेपर पुन्हा उचलून पाहिला.

नऊच्या नऊ जणांना दहापैकी दहा.

बाईंनी दाराबाहेर पाहिलं. शाळा सुटून अर्धा तास झाला होता, तरी एकही मूल घरी गेलं नव्हतं. सगळी व्हरांड्यात बसली होती, आणि बाईंना पाठ आधी कोणी सांगायचा यावरून त्यांची हमरीतुमरी चालली होती.