सोबतीला दादा

"झोप येत नाही," बारक्या म्हणाला, आणि दादाचं दुखणं स्वतःच्या नावावर सांगायला लागला. "कशात जीव रमत नाही. माणसं नकोशी वाटतात."

डॉक्टरबाई लिहून घेत होत्या. शेजारच्या खुर्चीत दादा हातांची घडी घालून बसला होता. त्याच्या तोंडून चकार शब्द नाही.

बारक्या चांगला अठ्ठावन्न वर्षांचा होता, पण घरातल्या शेंडेफळाची बारकेपणातून सुटका कधी होते का? दादा त्याच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा. दोघे पेंटर. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या दोघांनीच रंगवल्या. दादा खडूने अक्षरं आखायचा, बारक्या रंग भरायचा. गिऱ्हाइकाशी बोलणं दादाचं, बारक्याने शेजारी उभं राहून मान हलवायची. मग छापील फलक आले आणि त्यांच्या दुकानाला कुलूप लागलं. त्यानंतर कुणी बोलावलंच तर ते जुनी पाटी उतरवायला. आपल्याच हातांनी चढवलेली आपल्याच हातांनी उतरवायची, काय दिवस आले बघा.

तीन महिन्यांपूर्वी औषधांच्या दुकानाची पाटी उतरवली. ती त्यांची पहिली पाटी. त्यानंतर चार दिवसांत दादा गप्प झाला. जेवायचा दोन्ही वेळा, तेही पोटभर, पण बोलायचं नाव नाही. बारक्या घाबरला. बायको नाही, पोरंबाळं नाहीत, त्याला दादाशिवाय होतं कोण? हा माणूस असाच मुका राहिला तर आपण संपलो, असं त्याला रोज वाटायचं.

हा पत्ता वहिनीने दिला. "आपल्या भाषेत बोलतात म्हणे त्या बाई. नेऊन बघा."

"डोक्याचा डॉक्टर म्हटल्यावर दादा उंबरा तरी ओलांडेल का?"

"म्हणून तर आजारी तुम्ही पडायचं, भावजी. तुमच्यासाठी हे कुठेही येतील."

बारक्याने आधी फोन करून बाईंना सगळं सांगून ठेवलं. खरा पेशंट सोबत येणारा, मी आपला नावापुरता. "या की," बाई म्हणाल्या, "दोघेही या."

पहिल्या दिवशी बारक्या चिठ्ठी हातात धरून घरांचे नंबर वाचत मागे राहिला. वर बघतो तर दादा नेमक्या दारापाशी उभा. दारावर पाटीसुद्धा नव्हती.

आत दवाखान्यासारखं काही नव्हतं. तीन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि खिडकीला जाड पडदा. "इथे येता ते कुणाला माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"घरातच. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"मग रस्त्यात भेटलात तर मी ओळख दाखवणार नाही. राग मानू नका."

बारक्याला तिथेच हायसं वाटलं.

दर मंगळवार ठरला. उसनी दुखणी तीन मंगळवारांत संपली. मग बाई जुन्या दिवसांचं विचारू लागल्या आणि बारक्याला कंठ फुटला. टर्पेंटाइनचा वास, ब्रश सुकू नयेत म्हणून केलेली धडपड, नवी पाटी चढली की समोरच्या फुटपाथवर उभं राहून दोघांनी ती बघत बसणं. दूधवाल्याच्या पाटीवर त्याने गाय काढली, तर लोक विचारायचे, हा कुत्रा कशाला? "दादा म्हणाला, शिंगं मोठी कर, आणि तरी नाही ओळखली तर खाली लिही." बाई हसल्या. दादाची मिशी हलली. बारक्याला तेवढंसुद्धा पुष्कळ वाटलं. किती दिवसांनी!

पण एक गोष्ट त्याला खटकायची. बाई दादाकडे ढुंकूनही बघत नसत. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो बसलाय खांबासारखा, आणि ही बाई माझ्याच मागे लागलीये. शिकलेली माणसं! त्यांना काय सांगणार?

आठव्या मंगळवारी त्यांनी विचारलं, "औषधांच्या दुकानाची पाटी काढली, त्या दिवसाचं सांगता?"

अखेर गाडी रुळावर आली, असं बारक्याला वाटलं. तो सांगू लागला. "मी शिडीवर होतो. दादा खाली शिडी धरून. पाटी दोराने खाली सोडली. मागे भिंतीवर तिच्या मापाचा जुना रंग तेवढा राहिला होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. वाटलं, आता शिडी चढण्यासारखं आपल्यासाठी काही उरलं नाही. आणि मी हात सोडले."

"दोन्ही?"

"दोन्ही. मग खालून दादाने हाक मारली आणि मी शिडी धरली."

बोलून झाल्यावर बारक्याच्या लक्षात आलं, की यातलं काहीच दादाचं नव्हतं. हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. तो लहान पोरासारखा रडला. "सकाळी उठावंसंच वाटत नाही हो, बाई. रोज नाही वाटत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पाण्याचा पेला पुढे केला. घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने बारक्याने डोळे पुसले. त्याला भारी लाज वाटली. "माझं राहू द्या," तो म्हणाला. "तुम्ही दादाचं बघा. तो बोलला की मी ठणठणीत."

शेजारची खुर्ची करकरली. दादाने घसा साफ केला.

"बाई," तो म्हणाला, "मी एकटा आलो होतो, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मी गप्प बसल्याशिवाय हा काही बोलायचा नाही. आता बोललाय तो. मी बोलू का?"