दहा हजार आठवी टाइल

ओळीला शंभर लावल्या तर सात टाइल्स उरत होत्या. एकशे एक लावल्या तर आठ. मिस्त्रीने पेन्सिल कानावर खोचली आणि कोऱ्या भिंतीने आपलं घोडंच मारलंय अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं.

"बाई, हा आकडा फार खोडसाळ आहे."

गणिताच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, तरी मोजणीची कामं गाव त्यांच्याच गळ्यात घालायचं. गावातल्या प्रत्येकाने, अगदी तान्ह्या बाळांनीसुद्धा, मातीच्या एकेका ओल्या टाइलवर अंगठा उमटवला होता. त्या सगळ्या वाचनालयाच्या या भिंतीवर बसवायच्या होत्या. चारी कडा सरळ हव्यात, एकही टाइल उरायला नको आणि कापायची तर मुळीच नाही. माणसाचा अंगठा कापणार कसा? शिवाय भट्टी आता एकदाच पेटायची होती; त्यानंतर नवी टाइल भाजता येणार नव्हती.

"दहा हजार सात," बाई खुशीत म्हणाल्या. "मूळ संख्या आहे, मिस्त्री. एक आणि ती स्वतः सोडली तर हिला कशानेच भाग जात नाही. जन्मभर मांडत बसलात तरी चौकट भरायची नाही."

"मग हसताय काय? एक टाइल वाढवा की!"

"वाढली तर बहात्तर ओळी, ओळीला एकशे एकोणचाळीस. झकास बसेल. पण माणूस कुठून आणू? गावात कोणी उरलंच नाही. कोरी लावली तर जो तो विचारणार, ही कोणाची?"

सिमेंट कालवणारी मिस्त्रीची बायको थांबली. "आम्ही आहोत की, बाई."

बोलली आणि तिने जीभ चावली. कामापुरती आलेली माणसं ती. भिंत झाली की पुढच्या गावी. इतक्या भिंती उभ्या केल्या, पण एकीवरही आपली खूण नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "आठ महिने रोज माझ्यासोबत चहा पिताय, आणि मी तुम्हाला मोजलंच नाही!"

मिस्त्री हरखला. लगबगीने माती थापून त्याने दोन टाइल्स केल्या.

"थांबा!" बाई ओरडल्या. "दोन वाढल्या की दहा हजार नऊ. तीही मूळच! जोडमूळ आहेत मेल्या."

मिस्त्रीने एक टाइल मोडली. दुसरी बायकोपुढे सरकवली.

"तू उमटव."

"अहो, भिंत तुम्ही बांधलीत. तुम्हीच उमटवा."

"हौस तुला होती ना?"

"आणि तुम्हाला नव्हती वाटतं?"

"माती सुकतेय," बाई म्हणाल्या.

दोघांनी एकदमच अंगठे टेकवले. तिचा खोल गेला, त्याचा जरा तिरपा.

"एका टाइलवर दोन अंगठे! नियमात बसत नाही हं," असं म्हणत बाईंनी ती टाइल दोन्ही हातांवर अलगद उचलली आणि कोणाच्याही हाती न देता स्वतःच भट्टीकडे निघाल्या.