व्हर्नामावशीची खोप

मासे धुरवायच्या खोपीची तिसरी फळी ग्रिझली अस्वलिणीने उचकटली, तेव्हा डेल्बर्टने बंदुकीत गोळी भरली. चार दिवस फटाके झाले, भोंगा झाला, शिव्या झाल्या. ती जायची आणि परत यायची. गावात शिरणारी अस्वलं हाकलायचं काम त्याचं. या वर्षी नदीत सॅमन मासा नावालाच आला होता, आणि दोन अस्वलं त्याला मारावी लागली होती.

अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली. नवखा घाबरला असता. ती नुसती वास घेत होती. दर वर्षी ऑक्टोबरात तिच्या अंगावर चरबी मावत नसे. आता खांद्यावरचा उंचवटा तेवढा उरला होता, मागे सगळी हाडं. पिल्लू पायांत घुटमळत होतं.

“मारतोयस?” व्हर्नामावशी शेजारच्या आपल्या घराच्या दारातून म्हणाली.

“मग काय करू? तुझा अख्खा हिवाळा आत टांगलाय.”

“माझा आहे ना? मग मी बघते. तू तिला जरा लांब हाकल.”

त्याने फटाका उडवला. मायलेकरं झाडीत गेली. मावशी खोपीत शिरली आणि खोकत खोकत एकेक मासा काढून त्याच्या गाडीत टाकू लागली.

“मावशी, अजून दोन दिवसांचा धूर बाकी आहे. असा मासा टिकायचा नाही.”

“म्हणूनच घरोघर सांग, दुपारी माझ्याकडे जेवायला या. तूही ये. तोंड बघ कसं झालंय तुझं.”

“आणि जानेवारीत काय खाशील?”

“जानेवारीत तुम्ही बोलवा मला.”

तिने विस्तव विझवला, खोपीचं दार सताड उघडं टाकलं आणि गाडीत येऊन बसली. डेल्बर्टने गाडी जरा दूर, खोपीकडे माशांचा वास जाणार नाही अशा बाजूला नेऊन उभी केली.

अस्वलीण आली. आत गेली. बराच वेळ फळ्यांवर तिच्या लांब नखांचा खरखराट ऐकू येत राहिला. मग ती बाहेर आली आणि धपकन खाली बसली. पिल्लू दूध शोधायला लागलं. तिने ते नाकाने बाजूला सारलं. उठली, आणि गाडीकडे न बघता उतारावरून निघाली.

डेल्बर्टने गोळी काढून घेतली.

“जाईल आता डोंगरात,” तो म्हणाला.

ती डोंगरात गेली नाही. पोटापर्यंत नदीत उतरली आणि पाण्यावर तोंड धरून तशीच उभी राहिली.

मावशी बघत राहिली.

“काल मीपण तिथंच उभी होते, रिकामं जाळं धरून,” ती म्हणाली.