दोन बोटं

“आजपासून गोळी बंद,” डॉक्टर म्हणाला.

बस ड्रायव्हरचा पाण्याचा ग्लास तोंडापाशीच थांबला. मधली वाट सोडून पलीकडच्या रांगेत शाळेच्या बाई बसल्या होत्या, त्यांनी पदर सारखा केला. खोलीत सगळी एकाच दुखण्याची माणसं. पोटाची. तपासण्या करून घ्या, सगळं ठणठणीत. घराबाहेर पाऊल टाका, की पोट म्हणतं, चला मागे. बाईंचं पोट तर असं गुरगुरायचं की शेजारणीचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसायचा आणि दुपारपर्यंत बाहेर यायचा नाही.

ह्या दुखण्यावर डॉक्टर नवीन गोळी तपासून बघत होता. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खडूची. कुणाला कुठली, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. नियमच तसा. आज ते उघड झालं होतं.

“म्हणून आज तुम्हाला असं बसवलंय,” डॉक्टर म्हणाला. “डावीकडे बसलेत त्यांना खरी गोळी होती. उजवीकडच्यांना खडू.”

बाई उजवीकडे होत्या. त्यांनी खाली मान घातली.

“पण मला गुण आलाय की हो,” डावीकडून ड्रायव्हर म्हणाला. “आधी मी भर रस्त्यात गाडी उभी करून पळायचो. पॅसेंजर खिडकीतून टाळ्या वाजवायचे. शेवटी घरी बसवलं मला. आता शेवटच्या स्टॉपपर्यंत नेतो गाडी. परत कामावर घेतलंय, डॉक्टरसाहेब.”

“काका, तुम्ही बरे झालात, खरंय. पण हे खडूवालेही तेवढेच बरे झालेत. सगळे म्हणतात, छान आहे, छान आहे. मग गोळीनं वेगळं काय केलं? कंपनी आता ही गोळी बनवणार नाही.”

छान आहे. हे बाईंचेच शब्द. डॉक्टर दर वेळी त्यांना आत बोलवायचा, दार लावायचा आणि चित्रांचा तक्ता पुढे धरायचा. एका टोकाला खडे, दुसऱ्या टोकाला पातळ रस्सा. “आज ह्यातलं कुठलं, बाई?” बाई भिंतीकडे बघत मधल्या नीटनेटक्या चित्रावर बोट ठेवायच्या. “धावावं लागलं?” “छे.” “पोट कसं आहे?” “छान आहे.” एवढं सांगून त्या बाहेर यायच्या आणि जिन्याखालच्या संडासाकडे धावायच्या. तिथली कडी लागत नाही, दार पायानं धरायला लागतं, हेही त्यांना पाठ झालं होतं.

पण सांगणार कसं? हा डॉक्टर त्यांच्याच वर्गातला. त्याचं नाक पुसलंय, त्याला पाढे शिकवलेत. आता त्याच्यासमोर खडे आणि रस्सा करायचं? आणि बाईंच्या वर्गात तर ह्या गोष्टीचं नावही काढायची सोय नव्हती. करंगळी वर केली की एक नंबर, दोन बोटं वर केली की दोन नंबर. तोंडातून शब्द आला की बाकावर उभं राहायचं. अर्धी वस्ती त्यांच्या हाताखालून गेलेली. तिथली मोठी मोठी बाप्यामाणसंसुद्धा बाजारात बाई दिसल्या की आधी बोट वर करायची, बाईंनी मान हलवली की मगच दुकानामागे जायची. उगाच नाही सांगत, शिंप्याला विचारा. तो आत्ताही त्यांच्या मागच्याच खुर्चीत होता.

“म्हणजे मी परत गाडी सोडून पळायचं,” ड्रायव्हर म्हणाला. त्यानं टोपी काढली आणि मांडीवर घडी घालत बसला. घडी मोडायचा, परत घालायचा. “आणि डेपोत काय सांगू?”

डॉक्टर हातातले कागद चाळायला लागला. नेमकं तेव्हाच बाईंचं पोट बोललं. चांगलं लांबलचक, वर चढून खाली उतरलेलं. बाईंनी घाईघाईनं खुर्ची सरकवली.

“खुर्च्या फार जुन्या झाल्यात हो इथल्या,” ड्रायव्हर मोठ्यानं म्हणाला. बाईंकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं.

तपासणीला आल्यावर बाहेरच्या बाकावर दोघं शेजारी बसायची तेव्हाही तो असाच सांभाळून घ्यायचा. कधी खुर्ची, कधी पंखा, कधी स्वतःच खोकायचा. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची गाडी आपण बंद पाडली. तोंडानं नुसतं छान छान म्हणून.

त्या उठून उभ्या राहिल्या. कान तापले होते. तोंड उघडलं, पण जन्मात न उच्चारलेला शब्द, तो कसला येतोय बाहेर.

“बाई, काही म्हणायचंय?” डॉक्टरनं विचारलं.

बाईंनी हात वर केला. दोन बोटं.

डॉक्टर गडबडला. लगबगीनं जवळ आला आणि हळूच म्हणाला, “बाई, ह्या दारानं जा. जवळ पडेल.”

“आत्ताचं नाही रे,” बाई म्हणाल्या. “रोजचं. पहिल्या दिवसापासून.”

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिला. बाईंनी बोटं खाली घेतली नाहीत.

मागे खुर्ची करकरली. ह्या वेळी खरंच खुर्चीच होती. शिंपी उभा राहिला, जमिनीकडे बघत त्यानं दोन बोटं वर केली. मग सुनेबरोबर आलेल्या सासूबाईंनी, सुनेकडे पाठ करून. मग चष्मेवाल्या वकिलानं. मग त्याच्या मागच्यानं. बघता बघता उजवीकडची अख्खी रांग बोटं वर करून उभी राहिली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

डॉक्टरनं डावीकडे पाहिलं. ड्रायव्हर टोपी धरून बसला होता. त्याच्या पुढचे, मागचे, शेजारचे, सगळे हात मांडीवर ठेवून गप बसून होते.

डावीकडे एकही बोट वर नव्हतं.